चौथ्या शीलापाशी

त्या बाईंनी मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "धर्म?" आणि मी म्हटलं, "हिंदू." आधीच्या प्रश्नाला "नळ घरातच आहे" म्हटलं होतं, त्याच आवाजात. त्यांचं बोट पडद्यावर टेकणार तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे काय आहे हे मला वळून बघायची गरज नव्हती. मागे फळीवर बुद्धांची पांढरी मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, पुढे सकाळच्या वंदनेतली मेणबत्ती, दोन बोटं उरलेली. आणि दारात मी, पांढऱ्या साडीत, कारण आज पौर्णिमा, माझा उपोसथ, दुपारी बारानंतर काही न खाण्याचा दिवस. बोट तसंच हवेत राहिलं. बाई तरुण होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या. सरकारी पाहणीच्या कामाला लावलेल्या, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव आरती. खालच्या आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगताय ते लिहू, का मला दिसतंय ते?"

मला हसून म्हणता आलं असतं, अगं बाई, चुकून बोलले. पण 'चुकून' हा शब्द माझ्या तोंडाशी येऊन परत फिरला. त्या शब्दाची मला फार जुनी भीती आहे. मी म्हटलं, "पाणी घेता का?" त्यांनी पाणी घेतलं, भांडं नीट पुसून माझ्या हातात दिलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. "असू द्या. तुमचं घर अर्धवट ठेवते. मला अजून समोरच्या दोन बिल्डिंगा करायच्यात. पाचला येते परत." जिन्यात वळून म्हणाल्या, "घाबरू नका काकू. याचा कशाशी काही संबंध नाही." मी घाबरले आहे असं मी त्यांना कुठं सांगितलं होतं?

दार लावून मी तिथंच उभी राहिले. मंचरला रस्त्यालगत घर असलं की आवाज संपत नाही. एसटीचे हॉर्न, भाजीचे टेम्पो, खालच्या बेकरीतलं यंत्र. पण त्या वेळी मला माझाच आवाज ऐकू येत होता, तासापूर्वीचा. त्याच फळीसमोर बसून मी पाच शीलं घेतली होती, रोज घेते तशी. हिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. लग्न होऊन मंचरला आले तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही; बाळंतपणात पडल्यापडल्या म्हटली, मालकांचा देह घरात होता त्या सकाळीही म्हटली. माझा आवाज मुळात बारीक. पोस्टात नोकरीला होते तेव्हा लोक काउंटरवर कान लावायचे, आणि राकेश, माझा मुलगा, लहानपणी म्हणायचा, आई, तुझी वंदना शेजारच्या खोलीतसुद्धा येत नाही. मी म्हणायची, शील कुणाला ऐकवायला नसतं, स्वतः स्वतःसाठी घ्यायचं असतं. केवढं बरोबर बोलत होते मी. चाळीस वर्षं चौथं शील मी सकाळी घ्यायची आणि साडेनऊला ज्या खुर्चीवर जाऊन बसायची, ती खुर्चीच एका खोट्यावर उभी होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोजच्या दुखण्याकडे माणूस जसं लक्ष देत नाही, तसं ते माहीत होतं.

माझे वडील भागुजी. कळंबचे. त्यांनी धर्म बदलला तो छप्पन्न सालानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, आळीतल्या सगळ्यांबरोबर, घोडनदीच्या काठी. घरातले देव टोपलीत घालून त्यांनी नदीत सोडले आणि वर येऊन गावकीच्या कामांना नाही म्हणून सांगितलं. मेलेली जनावरं ओढणार नाही, सांगावे घेऊन पळणार नाही. पुढची दोन वर्षं गावात त्यांना कुणी मजुरीला बोलावलं नाही. ते आणि आई चालत निमगाव सावापर्यंत कांद्याच्या कामाला जायचे. आई, द्रौपदा तिचं नाव, नदीवर वडिलांबरोबर उभी होती. पण एक देव तिनं मागे ठेवला होता. बोटाएवढा चांदीचा टाक, बाजरीच्या कणगीत तळाशी. देवाचा कोप होईल, पोर जगणार नाही, ही धास्ती. वडिलांना तो सहा महिन्यांनी सापडला. त्यांनी तो पुन्हा बाजरीत खुपसून ठेवला. चुलत्यांनी विचारलं तर म्हणाले, "भ्याली हाय ती. भिऊ द्या. भीती काय आपण बोलून जाती व्हय?" पुढे एका सकाळी आईच उठली, टाक पदरात बांधला आणि एकटी नदीवर जाऊन आली. ही गोष्ट आई आम्हाला हसत सांगायची. मी हसायची. त्या हसण्यात माझ्या कामाचं काही आहे हे मला कळायला इतका उशीर का लागला?

दीक्षेनंतर साक्षरतेच्या वर्गात जाऊन वडील सही शिकले. बाकी अक्षरं त्यांना फारशी साधली नाहीत, सही साधली. 'भागुजी'मधल्या 'जी'ची वेलांटी ते मागे पार पहिल्या अक्षरापर्यंत ओढायचे, घरावर छप्पर घालावं तशी. सही कुठं लागते म्हणून वाट बघायचे. रेशनच्या दुकानात, माझ्या प्रगतिपुस्तकावर, कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर. एकदा मला लेण्याद्रीला घेऊन गेले होते, मी दहा वर्षांची असेन. पायऱ्या चढून वर गेलो तर एका लेण्यात गणपतीची रांग लागलेली, आणि शेजारच्या लेण्यात, स्तूपापुढं, आमच्यासारखी चार माणसं हात जोडून उभी. एकाच डोंगराच्या पोटात. मला गंमत वाटली होती, कुणाचं घर हे? वडिलांनी भिंतीवर कोरलेली जुनी अक्षरं दाखवली. कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचं टाकं दिलं, कुणी लेणं दिलं, त्यांची नावं. राजे गेले, धर्म गेले-आले, कुणाच्या भीतीनं कोण काय म्हणवून घेत होतं कुणास ठाऊक, पण टाकं देणारा आपल्या नावासकट तिथं होता. वडील अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "आपल्याला वाचता येत न्हाई. पर बघ, सही करून ठेवलीय पठ्ठ्यानं."

चौऱ्याऐंशी साली मला पोस्टाची नोकरी दिसू लागली. परीक्षा झाली, नाव लागलं, आणि एक कागद अडला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांनी पहिल्या दिवशी छाती काढून सांगितलेलं होतं, बौद्ध. राज्य सरकार बौद्धांना सवलत द्यायचं. पोस्ट दिल्लीचं, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या कायद्यात राखीव जागा दलितांतल्या हिंदूला होती, शिखाला होती, बौद्धाला नव्हती. म्हणजे धर्म सोडला की विटाळही सुटला, असं कायद्याचं म्हणणं. हे गावातल्या विहिरीला कुणी कळवलं नव्हतं. तालुक्याला, घोडेगावात, अर्ज लिहून देणाऱ्यानं वाट दाखवली. "वडिलांचं प्रतिज्ञापत्र करा. आम्ही हिंदू महार, शाळेत चुकून बौद्ध लागलं. सगळे करतात." आणि सगळे खरंच करत होते, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. घरात बुद्धवंदना आणि दप्तरात हिंदू. एका ओळीच्या कायद्यानं हजारो घरांना दोन तोंडं दिली होती. मी वडिलांच्या मागे लागले. तीन दिवस. मी कधी मोठ्यानं मागत नाही, मी नुसती जेवत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी टोपी घातली.

कचेरीत कारकुनानं कागद वाचून दाखवला. 'चुकून' या शब्दाशी वडिलांचा चेहरा किंचित हलला, माशी बसावी तसा. कारकून म्हणाला, "बाबा, सही येते का?" वडील म्हणाले, "न्हाई." मी पुढे झाले. "येते की, बाबा. साहेब, येते त्यांना." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "न्हाई येत, सायेब. पॅड द्या." आणि डाव्या हाताचा अंगठा निळ्या शाईत बुडवून त्या कागदावर दाबला, सावकाश, बैलाच्या पाठीवर डाग द्यावा तसा. बाहेर येऊन ते लिंबाच्या खोडाला अंगठा घासत राहिले. मी विसाची, नव्या चपला घातलेली, मला रडू येत होतं. "चार लोकांत लाजवलंत मला. अडाण्यासारखा अंगठा!" ते म्हणाले, "पोरी, त्या कागदावरचा भागुजी सही कुठं शिकला व्हता? त्याला अंगठाच व्हता." मग समोरच्या दुकानातून त्यांनी मला गुडीशेव घेऊन दिली. मी ती एसटीत बसून खाल्ली. सगळी खाल्ली. हे मला आज दुपारी आठवलं आणि जिभेवर गूळ आला, उपोसथाच्या दिवशी, बारा वाजून गेल्यावर, तोंडात काही नसताना.

सहा वर्षांनी कायदा बदलला. बौद्धांनाही ती सवलत मिळाली. दिल्लीला कुणीतरी एक शब्द वाढवला आणि आमच्यासारख्यांची दोन तोंडं एक व्हायला मोकळी झाली. विहारात त्या पौर्णिमेला खीर होती. वडील मला म्हणाले होते, "आता ते दुरुस्त करून घे गं." मी म्हटलं, करते. मग ऑफिसातले एक जुने सहकारी म्हणाले, "कशाला उकरून काढता बाई? खोटं प्रतिज्ञापत्र दिलं होतं असं स्वतःच्या तोंडानं सांगणार? गेली नोकरी." त्यांनी कदाचित सहज म्हटलं असेल. मला ते सहज सोडता आलं नाही. पुढे सरकारं बदलली, गावागावांत कधी कुठल्या पाटीवरून, कधी कुठल्या मिरवणुकीवरून तंग व्हायचं. दर वेळी मी स्वतःला सांगायची, आत्ता नको. वर्षाला एकदा आठवायचं, मग पाच वर्षांनी एकदा. भीती कुणी घालावी लागत नाही, एकदा घातली की ती आपलं आपण पाणी घालून घेते. मी पोस्टमास्तर झाले, निवृत्त झाले. आता कुणी काय काढून घेणार होतं माझं? तरी आज सकाळी तोंड उघडलं ते त्या भीतीनंच, मी नव्हे.

दोन वाजता मी राजरत्नला फोन लावला. माझा धाकटा भाऊ, कळंबला मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"बोला, पोस्टमास्तरीणबाई."

"जेवलास का?"

"मी जेवलो. तुझंच आज बारालाच शटर खाली आलं आसंल, पुनव हाय."

"तुमच्याकडं ते पाहणीवाले आले होते का रे?"

"सोमवारीच. एक सर आलं व्हतं. का गं?"

"धर्माचं विचारलं का? काय सांगितलंस?"

यंत्र बंद झालं. "आक्का, बरं वाटत न्हाई का तुला? काय सांगनार? बौद्ध. वर च्या पाजला सरांना."

"कागद नाही मागितले?"

"कशाचं कागद? आपण बोलायचं, त्यांनी दाबायचं. हाय काय त्यात?" मग, "तू काय सांगितलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनवर माझा श्वास त्याला ऐकू गेला असणार.

"तेच ना? बाबांच्या येळला सांगितलं तेच?"

दोन हजार सहा साली वडील गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलो होतो. फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं, मयताचा धर्म? राजरत्नच्या आधी मी बोलले, हिंदू. माझ्या सेवापुस्तकात जे आहे त्याच्याशी ते जुळायला हवं, असं मला वाटलं. कोण जुळवून बघणार होतं? ज्या माणसानं देव टोपलीत घालून नदीत सोडले, दोन वर्षं गावाची मजुरी गमावली, त्याला मी मेल्यावर एका शब्दात परत नेऊन बसवलं, जिथून तो उठून आला होता. राजरत्न तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर मला फाडफाड बोलला होता, आणि नंतर चार वर्षं माझ्या दारात आला नव्हता.

"तवा मी लई बोललो तुला," तो म्हणाला. "त्याचं सोड. पर एक गोष्ट पोटात ठिवलीय मी. बाबांनीच सांगितलं व्हतं, आक्काला बोलू नको म्हणून."

"काय?"

"बाबा चौथं शील म्हणत न्हवते."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे न्हवते म्हणत. तू घोडेगावला त्यांचा अंगठा घेतलास, त्या पुनवंपासनं. विहारात मी त्यांच्या शेजारी बसायचो. तिसरं झालं की तोंड मिटायचं, पाचव्याला उघडायचं. मधी नुसतं बसून. मी इचारलं एकदा. म्हणले, मी खोटं लिहून दिलंय, त्यो कागद जित्ता हाय तवर मला ते म्हणता यायचं न्हाई. आक्का दुरुस्त करून घेईल, मग म्हणीन."

"मला का नाही सांगितलंस? मला एकदा तरी..."

"सांगणार व्हतो. तर म्हणले, नको. भ्याली हाय ती. भिऊ दे."

फोन ठेवल्यावर मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. बावीस वर्षं. दर पौर्णिमेला मी मंचरहून कळंबला जायची, विहारात बायकांच्या बाजूला बसायची, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून पाचही शीलं म्हणायची आणि मनात म्हणायची, बघा, बाबांची लेक. मधल्या वाटेपलीकडे ते बसलेले असायचे, पांढऱ्या टोपीत, मान खाली. इतक्या आवाजांत एक आवाज मधेच नसतो हे कुणाला ऐकू येणार? ऐकू यायला हवं होतं. मला यायला हवं होतं. कणगीतल्या टाकासारखा माझा कागद त्यांनी पाहिला होता आणि पुन्हा होता तिथं खुपसून ठेवला होता, मी आपण होऊन उठेन म्हणून. आई उठली होती. आई तर शाळेतही गेली नव्हती.

पाचला आरतीबाई आल्या तेव्हा मी दार उघडंच ठेवलं होतं. कपाळावर घाम, हातात कुणीतरी दिलेले दोन पेरू. "झालं का काकू ठरवून?" म्हणाल्या, हसून, भाजी कोणती करायची ते ठरलं का असं विचारावं तसं. मी म्हटलं, "बौद्ध." आवाज बारीकच निघाला. त्यांना परत विचारावं लागलं. "बौद्ध. लिहा. आधी सांगितलं ते खोटं होतं." 'चुकून' म्हणाले नाही. त्यांनी एकदा दाबलं, जुनं पुसलं. एकदा दाबलं, नवं आलं. "झालं," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच की. हां, शेवटचं बटण तुम्ही दाबा पाहिजे तर. समोरच्या आजोबांनी पण हट्टानं दाबलं." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी कुठलं बोट वापरते आहे हे मला दाबल्यावर दिसलं. काचेवर माझ्या डाव्या अंगठ्याचा ओलसर ठसा उमटला, आणि त्यांनी तो सवयीनं ओढणीनं पुसून टाकला.

त्या चपला घालत होत्या तेव्हा मी विचारलं, "आणि माझ्या वडिलांचं?"

"ते कुठं राहतात? तुमच्यात का वेगळे?"

"गेले. दोन हजार सहाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण हातातला एक पेरू त्यांनी माझ्या दारातल्या स्टुलावर ठेवला. "नाही काकू," त्या म्हणाल्या, "यात हयात माणसंच असतात."

पेरू उद्या खाईन. सहाला मी मेणबत्ती लावली, सकाळचीच, दोन बोटं उरलेली, आणि फळीसमोर बसले. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग मी थांबले. तिथं किती वेळ असतो ते मला पाहायचं होतं. फार वेळ नसतो. एक श्वास आत, एक बाहेर; खालच्या बेकरीचं यंत्र दोनदा फिरतं. एवढ्या जागेत माझे वडील बावीस वर्षं बसून होते. त्यांच्या वतीनं ते मला म्हणता येणार नाही हे मला ठाऊक होतं; शील दुसऱ्याच्या नावानं घेता येत नाही, मीच राकेशला सांगितलेलं. म्हणून मी माझंच घेतलं. चौथं. आणि कधी नव्हे तो माझा आवाज मोठा आला, फुटलेला, उघडावाघडा, भिंतीपलीकडे जाणारा. शेजारच्या खोलीत नक्की गेला असेल. शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं.